मुंबईत बसून बर्फातलं गाव तैलरंगात रंगवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की तैलरंग शिकणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी बर्फातल्या गावाचा फोटो पुढे करतं. कुणाची बहीण टोरांटोला असते, कुणी नुकतंच शिमल्याहून आलेलं असतं, कुणाला फ्रेंच चित्रकार मोनेच्या एखाद्या चित्राने झपाटलेलं असतं. बाहेर पारा तिशीच्या वर आणि इझलवर हिवाळा, यात मला काहीच विसंगत वाटत नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं हातचं न राखता खाली दिली आहेत.

मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. मग रंगवू कसा?

पाहिला असता तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही. बर्फाच्या चित्रात आपण रंगवतो तो पांढऱ्या पृष्ठभागावर पडलेला उजेड, आणि पांढरे पृष्ठभाग मुंबईत हवे तेवढे आहेत. महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावरून धोबीघाटात वाळत घातलेल्या चादरी सकाळी लवकर पाहा. थेट ऊन पडलेली चादर किंचित पिवळसर दिसते, तिच्या मागची सावलीतली निळसर करडी, आणि जिथे शेजारच्या विटकरी भिंतीवरचं ऊन परतून येतं तिथे चक्क गुलाबी. तिन्ही चादरी पांढऱ्याच. हा फरक ज्याच्या डोळ्यांना दिसायला लागला, त्याचं निम्मं काम झालं. उन्हाळ्यात पश्चिम रेल्वेच्या लोकलने भाईंदरच्या पुढे गेलात तर खिडकीतून मिठागरं दिसतात. मिठाच्या ढिगाची उन्हाकडची आणि सावलीकडची बाजू नीट निरखा. पांढऱ्या रंगाचं याहून चांगलं शिक्षण चार भिंतींत मिळत नाही.

घरी सराव करता येईल असं काही आहे का?

आहे, आणि मी सगळ्यांना आधी तेच करायला लावतो. काड्यापेट्या, औषधांचे खोके, पुठ्ठ्याची उतरती छपरं यांची एक गल्ली मांडा. दोन-तीन घरं विटकरी रंगवा, एक पिवळं. मग चाळणीने वरून तांदळाचं पीठ भुरभुरवा. पंखा बंद ठेवा. पीठ कुठे साठतं ते जवळून पाहा: छपराच्या माथ्यावर, खिडकीच्या पट्टीवर, पायरीच्या आतल्या कोपऱ्यात. उभ्या भिंतीवर ते थांबत नाही, आणि उतार फार झाला की खाली घसरून कडेला जाड थर करतं. खरा बर्फही असाच वागतो.

आता उजेड. बर्फाळ प्रदेशातलं हिवाळी ऊन तिरपं असतं, तिथल्या चित्रांचा अर्धा प्राण त्यात आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंश वर असतो, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीहून थोडी कमीच पडते. त्याच दिवशी शिमल्यात सूर्य साधारण 35 अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या सुमारे दीडपट पडते. टोरांटोत 23 अंश, सावली जवळजवळ अडीचपट. अॅमस्टरडॅममध्ये जेमतेम 14 अंश, सावली चौपट! म्हणून तिथे दुपारी बारा वाजताही गल्लीच्या एका बाजूच्या घरांची सावली समोरच्या घरांवर चढलेली असते आणि ऊन फक्त वरच्या मजल्यांना आणि छपरांना मिळतं.

तुमचं पिठाचं गाव गच्चीवर न्या. डिसेंबरात मुंबईत सूर्योदयानंतर तासाभराने सूर्य जवळपास याच 14 अंशांवर असतो. सावल्यांची लांबी अॅमस्टरडॅमच्या दुपारसारखी, वर निळं आकाश, समोर पांढरं गाव. अर्धा तास मिळतो, तेवढ्यात छोट्या बोर्डावर रंगाचे फक्त मोठे तुकडे मांडा. गच्ची नसेल तर टेबललॅम्प बाजूला अगदी खाली ठेवा. सावलीतला निळा मात्र लॅम्पने मिळणार नाही, त्याला आकाशच लागतं.

सावली निळीच का? आणि कोणता निळा वापरायचा?

उन्हातल्या बर्फावर सूर्याचा उजेड पडतो, सावलीतल्या बर्फापर्यंत तो पोचत नाही. तिथे पोचतो तो वरच्या आकाशाचा उजेड, म्हणून आकाश निळं असेल तर सावली निळी. ढगाळ दिवशी ही निळाई जाते आणि उरतो तो करडा. संध्याकाळी सूर्य नारिंगी झाला की सावली जांभळटाकडे झुकते. एकच ठरीव निळा काढून सगळीकडे फासू नका, त्या दिवशीचं आकाश काय म्हणतंय ते आधी ठरवा.

माझं नेहमीचं मिश्रण असं: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि अगदी कणभर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी). सिएनाने निळ्याचा कच्चेपणा मरतो. दूरच्या सावलीत सिएना थोडा वाढवतो, जवळच्या सावलीत कमी. थोडा जांभळा हवा असेल तर अॅलिझरिन क्रिमसनचा स्पर्श, पण मूळ अॅलिझरिन उजेडाने उडतो, तेव्हा ट्यूबवर ‘परमनंट’ लिहिलेला घ्या. सेरुलियन (फिका आकाशी निळा) मी क्षितिजाजवळच्या आकाशासाठी राखून ठेवतो.

पिवळ्या भिंतीच्या पायाशी सावलीतला बर्फ किंचित हिरवट पिवळा होतो, विटांच्या भिंतीशी गुलाबी. बर्फ उजेड वरही फेकतो. त्यामुळे वळचणीची खालची बाजू, जी एरवी काळोखी असते, ती बर्फाच्या दिवशी उजळ दिसते. माणसांच्या हनुवटीखालीही तोच उजेड असतो. हे एवढं केलंत तरी चित्रात हवा खेळायला लागते.

इतकं पांढरं वापरूनही माझा बर्फ खडूसारखा का दिसतो?

पांढरं सगळीकडे आहे म्हणून. काळ्याला 1 आणि ट्यूबमधल्या शुद्ध पांढऱ्याला 10 मानलं तर उन्हातला बर्फ 9 च्या आसपास ठेवा, सावलीतला 6 किंवा 7. मग घरांच्या गडद भिंती 3-4 आणि ओलं झाड 2 वर येतं. 10 नंबर चित्राच्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखायचा: एखाद्या छपराची कड, कठड्यावरचा एक ठिपका, बस्स. उन्हातल्या बर्फात यलो ओकरचा (मातकट पिवळा) किंवा नेपल्स यलोचा इतका कमी अंश घाला की पॅलेटवर तो पांढराच वाटेल आणि निळ्या सावलीशेजारी ठेवल्यावर ऊन होईल.

कोणता पांढरा घ्यावा?

टायटॅनियम. झाकतो चांगला, विषारी नाही, सगळीकडे मिळतो. झिंक व्हाइट पारदर्शक आणि मोहक असला तरी तैलरंगात त्याचा थर वर्षांगणिक ठिसूळ होतो, तडे जातात, कधी पापुद्रा सुटतो. जाड बर्फासाठी तो वापरू नका. ट्यूबवर पी.डब्ल्यू.4 लिहिलेलं असेल तर आत झिंक आहे, पी.डब्ल्यू.6 म्हणजे टायटॅनियम. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांकडे टायटॅनियम नव्हता, तो 1920 च्या आसपास बाजारात आला. त्यांच्या बर्फाची ती मऊ, लोण्यासारखी झाक बऱ्याच अंशी शिशाच्या पांढऱ्याची आहे. शिसं विषारी आहे, घरात लहान मुलं असताना तर त्याचं नावही नको. टायटॅनियममध्ये ओकरचा कण घालून त्याच्या बरंच जवळ जाता येतं.

बाकी रंगांपेक्षा पांढरा चार-पाचपट लागेल, म्हणून त्याची मोठी ट्यूब आणा. सरावाला कॅमलचा पांढरा चालतो. विकायचं किंवा कुणाला द्यायचं चित्र असेल तर आर्टिस्ट दर्जाचा घ्या.

आकाश किती उजळ ठेवायचं?

ढगाळ दिवशी आकाश जमिनीपेक्षा गडद. हे मनाला पटत नाही, कारण एरवी आकाश हीच चित्रातली सर्वांत उजळ जागा असते आणि हात सवयीने तिथे पांढरा टाकतो. फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेलचं 1565 सालचं शिकारी परततानाचं चित्र पाहा. ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे आणि संकेतस्थळावर मोठं करून पाहता येतं. हिरवट करडं आकाश, खाली गोठलेली तळी त्याच रंगाची, आणि दोन्हींपेक्षा उजळ बर्फ. थंडी त्या नात्यातून येते.

छपरं आणि रस्ता जमत नाहीत.

गावाचं चित्र इथेच उभं राहतं किंवा पडतं, म्हणून थोडं सविस्तर.

छपरावरच्या बर्फाला जाडी असते. वरची उजळ सपाटी, पुढे गोलाई घेत खाली वळणारी कड आणि त्या कडेखालची भिंतीवरची सावली असे तीन भाग प्रत्येक छपराला मिळाले पाहिजेत. कडेची गोलाई एका ब्रशच्या ओढीत करा: उजळ रंग सावलीच्या ओल्या रंगात हलकेच ओढा आणि सोडून द्या, पुन्हा हात लावू नका. घोटलात की बर्फ मेणासारखा दिसतो. धुराड्याभोवती बर्फ वितळलेला असतो, तिथे खालचा पत्रा किंवा कौल दिसू द्या. दक्षिणेकडच्या उतारावर बर्फ लवकर पातळ होतो, उत्तरेकडे टिकतो. सगळी छपरं सारखी पांढरी केलीत तर गाव खेळण्यातलं वाटतं.

रस्त्यावरचा बर्फ पांढरा नसतोच. चाकांखाली त्याचा चिखल होतो, तपकिरी-करडा, ओला, मधूनमधून आकाश दाखवणारा. तोच तुमचा मित्र आहे, कारण त्या मातकट पट्ट्यांमुळे बाजूचा स्वच्छ बर्फ उजळतो. चाकोऱ्या दूर जाताना एकमेकींकडे येतात आणि नजरेला गल्लीत घेऊन जातात. फक्त त्या रेघा मारून काढू नका. चाकाचा माग एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली धरतो, पावलांचे ठसेही तसेच.

चढाच्या रस्त्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. शिमल्यासारख्या गावात चढत जाणाऱ्या रस्त्याच्या कडा घरांच्या आडव्या रेषांपेक्षा वरच्या बिंदूला मिळतात. घरं मात्र सपाटच बांधलेली असतात, त्यांच्या खिडक्यांच्या रेषा नेहमीच्या क्षितिजावरच जातात. दोन्ही एकाच बिंदूला नेलंत तर रस्ता आडवा पडतो. बर्फ पायऱ्या आणि फुटपाथ झाकून टाकतो, त्यामुळे ही चूक लपत नाही, उलट उठून दिसते.

कॅनव्हास पांढरा ठेवून कोरी जागा बर्फ म्हणून सोडली तर?

ते जलरंगात. तैलरंगात आधी कॅनव्हासला बर्न्ट सिएना आणि ओकर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून एक उबदार हात द्या आणि वाळू द्या. त्यावर बर्फाचा पहिला फटका मारताच तो किती उजळ आहे हे डोळ्यांना कळतं. शेवटी कुठे कुठे हा सिएना फटींतून दिसत राहिला तर थंड चित्राला आतून ऊब येते.

ब्रश की पॅलेट नाइफ (रंग लावायची बोथट सुरी)?

दोन्ही. पातळ, दूरचं सगळं ब्रशने, समोरचा जाड बर्फ नाइफने. जुना, ताठ, जवळजवळ कोरडा ब्रश वाळलेल्या गडद थरावरून आडवा फिरवला की फांद्यांवर आणि दगडी भिंतींवर अडकलेला बर्फ मिळतो. जाड थर शेवटी, आणि खालच्या थरांपेक्षा वरच्यांत तेल जास्त, कमी नको. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळून भेगाळतो.

पडता बर्फ कसा दाखवायचा?

आधी विचारा, हवाच आहे का. भुरभुरणारा बर्फ दूरच्या गोष्टी पुसतो, म्हणून मागची घरं आधीच करडी आणि मऊ कडांची रंगवावी लागतात. स्वच्छ उन्हाचं चित्र पुरं करून वर पांढरे ठिपके दिले तर ते ठिपकेच दिसतात. दूरचे कण लहान आणि फिके, जवळचे थोडेच, मोठे, एका दिशेला तिरके आणि पुसट. गडद दारासमोर ते उजळ दिसतात, आकाशासमोर मात्र आकाशाहून किंचित गडद. हा शेवटचा बारकावा फार थोडे जण पाळतात.

रात्रीचं, दिव्यांचं चित्र?

दिव्याखालचा बर्फ दिव्याच्या रंगाचा, नारिंगी असेल तर नारिंगी. पांढरा जवळजवळ वापरायचाच नाही. आणि सगळ्या खिडक्या पेटवू नका, तीन पुरेत, त्यांतली एकच झगझगीत.

फोनवरच्या फोटोवरून रंगवलं तर चालेल?

चालेल, फोटोची खोड ओळखून. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करडं समजून मोजतो, त्यामुळे बर्फ काळवंडतो. फोटो तुम्ही काढणार असाल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). फोन अलीकडे सावल्या उचलून आणि उजेड दाबून सगळं एका पातळीवर आणतो. अशा फोटोतून गल्लीची मांडणी घ्या, उजेड मात्र तुमच्या गच्चीवरच्या अभ्यासातून. परदेशातल्या भावंडांकडून फोटो मागवताना सांगा, दुपारी तीन-चारला काढ आणि त्याच जागेचा ढगाळ दिवशीही एक काढ. इंटरनेटवरचा अनोळखी माणसाचा फोटो जसाच्या तसा रंगवून प्रदर्शनात लावणं योग्य नाही.

शिमल्याला जाऊन तिथेच रंगवावं का?

जा, जमेल तेव्हा जरूर जा. रिजवरचं पिवळसर क्राइस्ट चर्च, खाली उतरत जाणारी पत्र्यांची छपरं, देवदार. एका जागी उभं राहून दिवसभराचे विषय मिळतात. बर्फाची शक्यता जास्त ती डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, पण हमी कुणीच देत नाही. पहिल्या वेळी तैलरंगाचा पसारा नेऊ नका. थंडीत रंग घट्ट होतात, बोटं वळत नाहीत, आणि टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही. स्केचबुक आणि पेन्सिल न्या, बाजूला शब्दांत टिपणं लिहा: ‘सावली आकाशापेक्षा गडद’, ‘चर्चच्या पायाशी बर्फ पिवळा’. अशी टिपणं घरी आल्यावर फोटोंपेक्षा जास्त कामाला येतात. थेट उन्हात कॅनव्हास धरून रंगवलेलं चित्र घरात काळं वाटतं, तेव्हा कॅनव्हास सावलीत ठेवा आणि रंग कालवताना गॉगल काढा.

वन-रूम-किचनमध्ये टर्पेंटाइनचा वास सहन होत नाही. स्वयंपाकाचं जवस किंवा करडई तेल वापरू का?

स्वयंपाकाचं तेल नको. ते तसं शुद्ध केलेलं नसतं, कधी न वाळता चिकट राहतं. चित्रकारांसाठीचं लिनसीड म्हणजे जवसाचंच तेल, आणि बर्फासाठी सॅफ्लॉवर म्हणजे करडईचं तेल जास्त चांगलं. ते कमी पिवळं पडतं, वाळायला मात्र वेळ घेतं. वासासाठी: रंग ट्यूबमधून जसा येतो तसाच वापरा, ब्रश आधी चिंधीने पुसा, मग तेलात घोळून साबणाने धुवा. टर्पेंटाइन फक्त पहिल्या हाताला, खिडक्या उघड्या ठेवून.

आणि हे नीट वाचा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. चाळीत, इमारतीत, बंद कपाटात असा बोळा टाकू नका. चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, किंवा एकेक पसरून उघड्यावर वाळवा.

घरातल्या दिव्याखाली रंगवलेलं सकाळी वेगळंच दिसतं.

पिवळ्या दिव्याखाली हातून निळा रंग जास्त पडतो. 5000 केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), सी.आर.आय. (रंग किती खरे दिसतात याचं माप) 90 च्या वरचा एल.ई.डी. लावा. बर्फाच्या चित्रात हा खर्च चैन नाही.

पावसाळ्यात चित्र वाळतच नाही!

तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जुलैच्या दमट, ढगाळ हवेत ते मंदावतं. उजेड आणि खेळती हवा द्या, फार जाड थर पावसाळ्यापुरते टाळा. कॅनव्हास सैल पडला तर मागच्या लाकडी पाचरी हलक्या ठोका, पण थंड कोरड्या दिवसांत तो पुन्हा ताणला जाईल हे धरून. भिंतीला चिकटवून टांगू नका. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की मागे वारा राहतो आणि बुरशी धरत नाही.

ओलं चित्र लोकलने नेता येतं?

दोन एकाच मापाचे कॅनव्हास समोरासमोर ठेवून कोपऱ्यांत बुचाचे तुकडे आणि क्लिपा लावा, दुपारच्या गाडीने निघा. टर्पेंटाइनची बाटली घेऊ नका, रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थ न्यायला मनाई आहे.

कुणाची चित्रं पाहावीत?

मोनेचं मॅगपाय, 1868-69. कुंपणाच्या निळ्या सावल्या पाहा. 1869 च्या सालाँने (पॅरिसचं अधिकृत चित्रप्रदर्शन) ते नाकारलं होतं, आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाचं भूषण आहे. कायबोतचं 1878 चं बर्फातल्या छपरांचं चित्रही तिथेच आहे. जवळजवळ सगळं करडं, आणि तरी प्रत्येक छपर वेगळं. शहर रंगवायचं असेल तर मला हे सर्वांत शिकवणारं वाटतं. पिसारोने 1897 मध्ये हॉटेलच्या खिडकीतून बुलेव्हार मोंमार्त्रची मालिका केली, त्यातली हिवाळ्यातली सकाळ जरूर पाहा, माणसं किती थोडक्यात उरकली आहेत ते कळेल. मुंबईत खरी तैलचित्रं जवळून पाहायची तर काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या टाटा संग्रहाच्या युरोपीय चित्रांपाशी जा. तिथे पांढरं कापड किंवा उजळ ढग कसा रंगवलाय एवढंच पाहत अर्धा तास काढा.

वार्निश कधी? आणि पुढे बर्फ पिवळा पडेल का?

पातळ चित्राला सहा महिने, जाड बर्फाला वर्षभर थांबा. मग पिवळं न पडणारं, काढता येणारं वार्निश लावा, आणि तेही पावसाळा सोडून कोरड्या दिवशी, नाहीतर वर धुरकट साय येते. लिनसीडचा पांढरा अंधारात पिवळसर होतो, म्हणून चित्र माळ्यावर किंवा पलंगाखाली गुंडाळून ठेवू नका. ठेवलं गेलंच आणि पिवळं झालं तर काही आठवडे उजेडाच्या खोलीत लावा, थेट उन्हात नको. पुष्कळसा पिवळेपणा निघून जातो.